तिसऱ्या सिलिंडरची चूक

त्या दिवशीचे ऊन अगदी रोजच्यासारखे होते. आधी ते नळदुर्गच्या बुरुजाच्या माथ्यावर बोटभर टेकले. मग काळ्या दगडांच्या सांध्यासांध्यांतून सावकाश उतरत खंदकाकाठच्या एरंडावर आले आणि पानांवरचे पाणी उजळून तिथेच थोडे रेंगाळले. रात्री श्रावणसर पडून गेली होती. ओल्या गोवऱ्यांचा धूर अंगणांतून सरळ वर चढत होता, आणि त्यात शिरलेले ऊन पांढुरके, कोवळे दिसत होते. कुणाच्या दारातल्या घागरीच्या गळ्यावर ते चमकले, एका म्हशीच्या पाठीवरून घसरले, आणि शेवटी पत्र्याच्या शेडच्या भोकांतून आत येऊन मोटारीच्या बॉनेटवर ठिपक्याठिपक्यांनी बसले. जगात काही बिघडले आहे, असे त्या उजेडावरून कुणालाही वाटले नसते. रेवणप्पा मात्र हँडल हातात धरून त्या ठिपक्यांकडे बघत उभा होता.

मोटार वीस वर्षांची, एका व्यापाऱ्याने मोडीत काढलेली. लढाईत पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा तिचा मागचा भाग कापून तिथे कोळशाची उभी भट्टी बसवली होती. भट्टीतला वायू नळीने इंजिनात जाई. ते काम उस्ताद लालमहंमदांचे. रेवणप्पा त्यांच्याच हाताखाली मिस्त्री झालेला. लढाई संपून तीन वर्षे झाली, तरी गाडी कोळशावरच चाले.

आज त्याच गाडीतून महानंदेला, रेवणप्पाच्या बायकोला, सोलापूरला माहेरी पोहोचवायचे होते. तिचे दिवस भरत आले होते. वाटेत संस्थानच्या सरहद्दीचा नाका सात मैलांवर होता, आणि अठ्ठेचाळीसच्या त्या श्रावणात नाक्यावरची माणसे बंदुका भरून, रात्ररात्र जागून बसलेली असत. पान हलले तरी दचकत. आणि गाडी आठ दिवसांपासून सकाळी चुकत होती. चालता चालता एक ठोका गळे आणि ‘फाट्’ असा आवाज होई. थेट गोळी सुटल्यासारखा.

“उस्तादांना बोलवा की,” गाठोड्यावर टेकलेली महानंदा म्हणाली. “दोन घरं सोडून तर हायेत.”

“या वयात त्यांना कशाला तरास? मी बघतो.”

“आठ दिस बघतायसा. बाळ शाळंत जाईल तवर.”

त्याने हँडल मारले. इंजिन धरले, चार पावले चालल्यासारखे चालले, आणि फाट्! एरंडावरचे कावळे उडाले. महानंदेने पोटावर हात ठेवला.

“रेवण्या, कुणावर गोळ्या झाडतो रे?” दारात उस्ताद उभे होते. “माझ्या कोंबडीनं अंडं घालायचं सोडलं, बेटा.”

 रेवणप्पाने पायानेच पोते ओढून गाठोडे झाकायचा प्रयत्न केला. उस्तादांचा पुतण्या गफार बंदूक घेऊन नाक्यावर उभा असतो, हे गावात सर्वांना ठाऊक होते.

“कुठं निघालास?”

“लोहाऱ्याला. पाहुण्यांकडं.”

उस्तादांनी अर्धवट झाकलेल्या गाठोड्याकडे पाहिले, महानंदेकडे पाहिले, आणि बाह्या सारल्या. “काय झालंय हिला?”

“कोळसा ओला असंल.”

“कोळसा ओला असता तर चारी घरं रडली असती. ही एकच रडतीया. पेचकस घे.”

सिलिंडरला उस्ताद घर म्हणत. एकेका घराची ठिणगी पेचकसाने तोडायची आणि ऐकायचे, ही त्यांचीच शिकवण. पहिले तोडले, इंजिन लंगडले. दुसरे तोडले, लंगडले. तिसरे तोडले आणि काहीच फरक पडला नाही, मेलेल्याला मारल्यासारखे. चौथ्याला पुन्हा लंगडले. मग त्यांनी दुसऱ्याचा प्लग तिसऱ्यात आणि तिसऱ्याचा दुसऱ्यात घालायला लावला. तरीही तिसरेच मुके.

“म्हंजी प्लग बेगुन्हा. दुपारी चुकते का?”

“न्हाय. उन्हं वर आली की सुतासारखी.”

“मग ओल हाय. ओल कुठं बसंल?”

त्यांचे काळे पडलेले बोट तिसऱ्या तारेवरून सरकत, चारी घरांना ठिणगी वाटणाऱ्या काळ्या टोपीपाशी येऊन थांबले. टोपीवर विभूतीच्या तीन पट्ट्या होत्या, थरावर थर चढून कवडीसारख्या जाड झालेल्या. ओल्या बोटांनी रेवणप्पाच त्या रोज सकाळी ओढी. रात्रीची ओल राखेने धरून ठेवली होती, आणि तिसऱ्या घरची ठिणगी त्या पांढऱ्या वाटेने शेजारच्या घरात अवेळी शिरत होती.

“दसऱ्याला एकदा लावायचास,” उस्ताद हळू म्हणाले. “रोज कधीपासून?”

रेवणप्पा हातातला पेचकस पुसू लागला.

“हे म्या न्हाय पुसणार. तुझ्या देवाचं हाय, तू पूस.”

फडके हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. आजच्याच दिवशी पुसायचे? शेवटी महानंदा म्हणाली, “तुमच्या कपाळावर हाय ती पुरं. तिला जरा मोकळं करा.”

त्याने पुसले; भट्टीच्या उबेला टोपी वाळवली. हँडल मारताच इंजिन चारी पायांवर उभे राहिले.

उस्ताद दार उघडून पुढच्या सीटवर बसले. “चल.”

“कुठं, उस्ताद?”

“लोहाऱ्याचा रस्ता उगवतीला हाय, माझ्या बापाच्या वक्तापासून. तू तोंड मावळतीला केलंयस. चल. गफारला म्हणंन, गाडी तपासतोय. नाक्यापल्याड उतरीन.”

“सात मैल परत चालत?”

“मग काय सोलापुरात बाळंत व्हायला येऊ?”

नाक्यावर आडवा वासा होता. बंदुकीची नळी खिडकीशी आली. उस्ताद गफारशी कोंबडीबद्दल बोलत होते; रेवणप्पा मात्र फक्त ठोके मोजत होता. एक, दोन, तीन, चार. तिसरा दर वेळी येत होता, आणि दर वेळी तो येईपर्यंत त्याचा श्वास अडकत होता. वासा वर गेला.

दोन फर्लांगांवर उस्ताद उतरले. बॉनेटवर हात ठेवून त्यांनी क्षणभर ऐकले. “पोरगी झाली तर नाव कळव,” म्हणाले, आणि रुमाल डोक्याला गुंडाळून परत चालू लागले.

आरशात ती पाठमोरी आकृती लहान होत गेली. आठ दिवस दोन घरांवरच्या माणसाला त्याने बोलावले नव्हते. त्यांना त्रास नको म्हणून नव्हे. ते मुसलमान होते, म्हणून तो त्यांना भ्याला होता.