खाजणाचा गिलावा

ज्येष्ठात मिठागराचं काम आटोपलं की घरात काहीतरी नवं करायला दिनानाथचे हात शिवशिवायला लागत आणि त्याची बायको, सोनूबाई, धास्तावे. यंदा त्यानं बाळंतिणीची खोली धरली होती. लेक केसर पहिलटकरीण, श्रावणात दिवस भरणार. त्या खोलीची पश्चिमेची भिंत पावसाळाभर ओल धरायची. तिला आतून अस्तर हवं होतं आणि तेही पातळ, कारण बाज टाकली की सुईणीला नि शेगडीला जेमतेम जागा उरे.

गवंडी म्हणाला, आतून विटा घाल, वीतभर जागा जाईल.

"मग सुईण काय आढ्याला टांगू?" दिनानाथ म्हणाला.

सोनूबाईनं बुरुडानं विणलेल्या बांबूच्या तट्ट्या सुचवल्या. त्यांना वाळवी लागेल, असं सांगून त्यानं खाडीकाठच्या खाजणातली, मिठागराचे बांध घालतात ती चिकट माती आणली.

"मिठागराच्या बांधातून दर्या आत येत न्हाय, तं पाऊस कसा येल?"

"ती माती नको. डोंगराची आणा," सोनूबाई म्हणाली. "न्हायतर केसरला सासरीच ऱ्हाऊ दे."

दिनानाथ चिडला. पहिलं बाळंतपण माहेरीच, लोक काय म्हणतील! पण ती का घाबरते ते त्याला ठाऊक होतं. त्यांचा थोरला, तान्हा असतानाच, याच खोलीत भर श्रावणात सर्दीनं छाती भरून गेला होता. त्याचं नाव दोघंही काढत नसत.

गिलावा नखाएवढा पातळ आणि गुळगुळीत झाला. दिनानाथ दिवसातून दहादा त्यावरून हात फिरवी. मग आभाळ भरून आलं. अजून थेंबही पडला नव्हता, भिंत बाहेरून कोरडी ठक्क होती, आणि आतून मात्र तिला पाणी सुटलं. त्यानं बोट जिभेला लावलं. खारट! पावसाळी हवेत मिठाला पाणी सुटतं, हे त्याच्या घरी पाळण्यातलं पोरही जाणत होतं, आणि या शहाण्यानं भिंतीलाच मीठ फासलं होतं.

रागानं त्यानं गिलावा खरवडला. खाली जुना निघाला, तोही तसाच करडा, खाजणाच्याच मातीचा. लग्नाच्या वर्षी त्यानंच हौसेनं केलेला. त्यानं सोनूबाईला हाक मारली.

"सोने, आपला पोर माझ्या मातीनं गेला गं."

"मना ठावं हाय."

"कवापास्नं?"

"तवाच. पोराला पोचवून तुमी आलात, त्याच्या आदी मी भिंत चाटून बघितली व्हती."

"आन् येवढी वर्सं बोलली न्हायस?"

"काय बोलू? पोर गेला व्हता. तुमाला पन घालवू?"

दिनानाथ लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. ती नुसती शेजारी बसून राहिली. या बाईवर आपला किती जीव आहे, हे त्याला त्या दिवशी नव्यानं कळलं.

मग दोघांनी मिळून भिंत दगडापर्यंत खरवडली. डोंगराच्या तांबड्या मातीचा हात दिला, त्यावर पेंढ्याचा पातळ थर नि वर तट्ट्या. सगळी जाडी दोन बोटांची.

श्रावणात नात झाली. बाहेर पाऊस कोसळत होता. सोनूबाईनं बाळाला मुद्दाम भिंतीकडच्या अंगाला निजवलं. दिनानाथ उंबऱ्यापाशीच घुटमळला. त्याला आत बघवेना.

"अवो, उभं काय ऱ्हायलात?" सोनूबाई आतून ओरडली. "ती शेगडी उचला आदी. उकडतंय पोरीला!"

दिनानाथनं शेगडी उचलून ओटीवर आणली आणि तिथंच बसून डोळे पुसत हसत राहिला.