पाट्याने पाहिलेला बिनमिठाचा डबा

मित्रांनो, आज मी आपणांपुढे माझे आयुष्य निवेदन करणार आहे. त्यात आनंदाचा भाग थोडा आहे. शेवटी जे घडले ते वाचून कदाचित आपणांस माझा राग येईल. तरीही ते सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

मी एक जुना पाटा आहे. खटाव तालुक्यातील एका पाथरवटाने काळ्या दगडातून मला घडविले. वामनराव चंडीगडजवळच्या चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत आचारी असताना त्यांच्या पत्नी नीलाबाईंनी मला गोधडीत गुंडाळून रेल्वेने इकडे आणले. निवृत्तीनंतर त्या उभयतांनी चंडीगडच्या सेक्टर ३२ मध्ये, मोठ्या रुग्णालयाजवळ, लहानशी खाणावळ काढली. परगावचे कोणी आले की वामनराव आधी विचारीत, "कोण गाव, पाहुणे? तिखट कितपत चालतं?" उत्तर ऐकूनच माझ्यावर मसाला वाटला जाई. त्या काळी माझी पुष्कळ स्तुती झाली.

पुढे समोरच्या ओळीत एका मोठ्या साखळीचे चकचकीत उपाहारगृह उघडले. प्रत्येक शहरात त्याची पाटी तीच आणि चवही तीच. प्रवासी बॅगा ओढीत थेट तिकडे वळू लागले.

अशा दिवसांत परभणीच्या मनीषाबाई आमच्या दारात आल्या. सिमला पाहून परतताना त्यांचे पती पुरुषोत्तमराव यांना धाप लागली, पाय सुजले आणि त्यांना याच रुग्णालयात दाखल करावे लागले होते. त्यांचे हृदय दुबळे झाले होते. डॉक्टरांनी बजावले होते, मीठ अजिबात नको. बाई प्रथम समोरच गेल्या होत्या. तिथला नोकर सरळपणे म्हणाला, "आंटीजी, हमारा सब ऊपर से बनके आता है, नमक नहीं निकलेगा."

वामनराव म्हणाले, "वहिनी, डबा माझ्याकडून न्या. धने, जिरे, आलं. मीठ चिमूटभरही नाही."

आठ दिवसांत पुरुषोत्तमरावांच्या पायांची सूज उतरली.

नवव्या दिवशी मोहालीत नोकरी करणारा वामनरावांचा मुलगा प्रसन्न मसाल्याच्या पाकिटांचे खोके घेऊन आला.

"बाबा, यार, लोकांना रोज सेम टेस्ट हवी. तुमचा मूड बदलला की आमटी बदलते!"

"अरे, आमटी माणूस बघून बदलते."

"माणूस तर समोर चाललाय ना!"

वामनरावांनी खोके आत घेतले. रिकामी बाके त्यांनाही दिसत होती. त्या दिवशी मला धुऊन भिंतीशी उभे करण्यात आले.

दुपारी पाकीट फुटले, तेव्हा त्यातली चिमूटभर भुकटी माझ्या ओल्या अंगावर सांडली. मित्रांनो, दगडाला वाचता येत नाही, परंतु मीठ कळते. वामनरावांनाही ते बारीक इंग्रजी वाचता येत नव्हते. त्यांनी मिठाचा डबा नेहमीप्रमाणे दूर सारला, पाकीट आमटीत रिकामे केले आणि डब्याचे झाकण लावले. मला वाचा नव्हती. तीन दिवस डबा तसाच गेला.

चौथ्या दिवशी मनीषाबाई रिकाम्या हातांनी आल्या.

"वामनराव, मीठ घातलंत का हो?"

"देवाशपथ नाही, वहिनी."

"मग यांचे पाय पुन्हा कसे सुजले? अतिदक्षता विभागात नेलंय."

प्रसन्न तिथेच होता. त्याने पाकीट उचलून उजेडात धरले. त्याचा चेहरा उतरला. "बाबा... इसमें नमक है. दुसऱ्याच ओळीत लिहिलंय."

बाई तशाच निघून गेल्या.

पाच दिवसांनी त्या परत आल्या. रुग्णाला दोन घास द्यायला परवानगी मिळाली होती, आणि या परक्या शहरात दुसरीकडे जायचे कुठे? त्यांनी स्टूल ओढून माझ्याजवळ ठेवले.

"आता माझ्यासमोर वाटा."

तेव्हापासून त्या दोन्ही वेळा येऊन बसतात आणि वामनरावांच्या हातांवरून नजर काढीत नाहीत. पुरुषोत्तमरावांचा श्वास अद्याप नीट नाही. डॉक्टर "देखते हैं" एवढेच म्हणतात. पाकिटांचे खोके मात्र अजून कोपऱ्यात आहे. बाकीच्या गिऱ्हाइकांना त्यातलेच वाढले जाते, कारण ते विचारीत नाहीत.

म्हणून मित्रांनो, माझी कळकळीची विनंती आहे. परगावी जेवायला बसाल तेव्हा पाटी लहान की मोठी हे मागाहून पाहा. अन्नात काय आहे ते आधी विचारा. आणि उत्तर देणाऱ्याने स्वतः जाणल्यावाचून देवाची शपथ घेऊ नये.

आपण हे शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल आपले आभार.

आपला,
नीलाबाईंचा पाटा

पाट्याच्या वतीने लिहिणारा: वामन सदाशिव घोडके, खाणावळवाला, चंडीगड