नाव घातलेली ताटं

मनकर्णाने मालनबाईच्या ओट्यावर रिकामं पोतं पसरलं आणि पदर खोचून ती म्हणाली,

"वीस ताटं दे. लेकीच्या लग्नाला लागत्यात. चवथ्या दिवशी घासून-पुसून आनून देते."

मालनबाई शेंगा फोडत बसली होती. तिने दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले.

"आता कोन ताटं मागतं गं? राहुरीत प्लास्टिकच्या पत्रावळीचा गठ्ठा मिळतो. खाल्लं, फेकलं, मोकळं झालं."

"फेकलं कुटं?"

"वढ्यात. आनिक कुटं?"

त्या ओढ्यानेच मनकर्णाची गाय नेली होती. गावात कुणाचंही लग्न असो, उष्ट्या पत्रावळ्या ओढ्यात जायच्या आणि भाताच्या वासाने गुरं त्या पत्रावळ्यांसकट खायची. गायीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. डॉक्टरांनी ते फाडलं तेव्हा आतून घमेलंभर प्लास्टिक निघालं, पण गाय काही वाचली नाही. घरचं माणूस गेल्यासारखी मनकर्णा रडली आणि त्याच दिवशी तिने ठरवलं की लेकीच्या, संस्कृतीच्या लग्नात फेकायचं ताट येणार नाही. नवरा मच्छिंद्र म्हणाला, "लोक हसतील." ती म्हणाली, "हसू द्या. हसल्यानं कुनाची गाय मरत न्हाई."

लेकीच्या लग्नाला नाही कोण म्हणणार? घरोघरी पोती भरली. देताना मात्र प्रत्येकीने बजावलं, "जपून गं बाई, नाव घातलेलं हाय." स्टीलचं भांडं नाव घातल्याशिवाय आपल्याकडे घरात येत नाही. दुकानदार मशीन टर्रर्र फिरवून आतल्या बाजूने बुडाशी नाव कोरतो आणि मग ते भांडं सात जन्म आपलं, असं आपण धरून चालतो. मनकर्णालाही त्या नावांचाच आधार वाटला. प्रत्येक ताटावर पत्ता आहे, मग चुकायचं कशात? मारुतीच्या पारावर सगळ्या बायांसमोर तिने शब्द दिला, "ज्याचं त्याला पोचवीन. एक जरी हुकलं तरी मला नावं ठेवा."

लग्न लागलं. पंगत बसली. श्रीरामपूरचे पाहुणे स्टीलच्या ताटात बुंदी बघून खूश झाले. भात संपत आला, ताटांची बुडं दिसायला लागली, तिथे घोटाळा सुरू झाला.

"हे आमच्या आईच्या नावाचं ताट हाय!" गावातलाच गोरक्ष पंगतीतून ओरडला. "वास्तुशांतीला गायब झाल्तं! आता कुनाच्या पोत्यातनं आलं?"

शेजाऱ्याने आपल्या ताटातला भात बोटाने बाजूला सारला आणि त्याचेही डोळे बारीक झाले. बघता बघता सगळी पंगत जेवण सोडून ताटं वाचू लागली. बारशाला लाडू घालून पाठवलेली, बाळंतिणीला शिरा नेलेली, सत्यनारायणाला मागून आणलेली आणि पुढे परत करायची कुणालाच न आठवलेली ताटं एका ओळीत येऊन बसली होती. मनकर्णाने वरणाचं भांडं तिथेच खाली ठेवलं. लेकीच्या मांडवात आता भांडण होणार, हे तिला दिसलं.

समोरच्या ओळीतून म्हाताऱ्या रंगुबाईने तोंड उघडलं.

"गोरक्षा, आईच्या ताटाचं राहू दे. माझ्या नावाची दोन परवा तुझ्या घरातनं पोत्यात पडली. मी हुते तितं."

गोरक्षने ताट जवळ ओढलं. मग त्याने वाढप्याला हाक मारली.

"भात आन रं हिकडं."

आणि त्याने ते नाव भाताखाली गाडून टाकलं. मग सगळ्याच पंगतीला भात हवासा झाला. नको म्हणायला कुणी तयार होईना. मच्छिंद्रला मागच्या चुलीवर दुसरा हंडा चढवावा लागला. पाहुणे जाताना म्हणाले, तुमच्या गावची माणसं भाताची फार शौकीन.

लेक सासरी गेली. ताटं घासून पडवीत रचली आणि मनकर्णाची झोप उडाली. नावाप्रमाणे परत द्यावीत तर देणारी चोर ठरणार. पोत्याप्रमाणे द्यावीत तर चोरीचा माल तीच पोचवणार. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी तिने सांगून पाठवलं, आपापली येऊन घेऊन जा. कोणी फिरकलं नाही. आपलं उचलायला जावं तर आपल्या घरून कुणाकुणाचं आलं ते निघणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. सगळ्या गावासमोर दिलेला शब्द पडवीत पडून राहिला. आयुष्यात तिने कुणाची वाटीभर साखर ठेवून घेतली नव्हती, आणि आता गावभरची ताटं तिच्या पडवीत होती.

आठवडाभराने मच्छिंद्र पडवीतून डोकं खाजवत आत आला.

"अगं, ताटं वाढल्यात."

"वाढल्यात?"

"व्हय. तांब्या बी दिसतोय एक, कुनाचं तरी नाव घातलेला. हुता का तांब्या?"

तांब्या नव्हता. दुसऱ्या दिवशी एक परात आली. मग वाट्यांची चवड, मग देवळातलं तबक. उजाडायच्या आत कोण येतं, कोण ठेवून जातं, मनकर्णाने बघितलं नाही. जाग आली तरी ती कूस बदलून पडून राहायची.

अंगदचं लग्न ठरलं तेव्हा त्याची आई, मालनबाई, पोतं घेऊन पडवीत उभी राहिली.

"म्हनलं, पडूनच हायत तर नेते."

"का गं? राहुरीचा गठ्ठा?"

मालनबाईने भिंतीकडे बघितलं.

"मी ताटं न्हाई नेली तर लोक काय म्हनतील? हिचीच लबाडी जास्त निघाली, म्हनून ताटं पंगतीत मांडायला भ्याली."

मनकर्णाला गायीबद्दल काहीतरी बोलायचं होतं. ते तिने गिळलं आणि पोत्याचं तोंड धरलं. मालनबाई भराभर ताटं भरू लागली.

"चवथ्या दिवशी सगळी आनून देते बघ. शब्द हाय माजा."

"शब्द नको देऊस, बाई," मनकर्णा घाईघाईने म्हणाली. "नुसती ताटं ने."