चौथा शब्द

अर्पिता पुण्यातल्या एका कंपनीचं काम बदनापूरच्या घरातूनच करायची. काम संपलं की मजकूर कुलूपबंद करणाऱ्या लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेले तयार कोड, तपासत बसायचा तिला नाद होता. त्यातल्या दोन जोडून तिनं एक छोटं ॲप केलं. आपलं बोलणं त्यात ठेवायचं. परवलीचे शब्द टाकल्याशिवाय ते कुणालाच ऐकता यायचं नाही. वापरून बघायला माणूस हवं होतं. तिनं सासूला, झुंबरबाईंना विचारलं.

“भारतला बी ऐकू येणार न्हाई?”

“तुमच्या लेकाला नाही अन् मलाही नाही. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द ठरवा. पण विसरलात तर मी काही करू शकणार नाही, आत्याबाई.”

झुंबरबाई खुश झाल्या. रोज दुपारी जेवणं झाली की फोन घेऊन त्या गच्चीवर जायच्या. काय बोलतात, हे अर्पितानं कधी विचारलं नाही.

मग त्यांना टायफॉइड झाला. आठ दिवस जालन्याच्या दवाखान्यात काढून त्या घरी आल्या, तर चौथा शब्द आठवेना.

“तीन बराबर आठवून राह्यलेत गं. शेवटचाच गेला.” त्यांचे डोळे भरून आले.

अर्पितानं मराठी शब्दांची मोठी यादी मिळवली आणि एकेक शब्द लावून बघणारा प्रोग्राम लिहिला. चोराला सोपं जाऊ नये म्हणून तिनंच दर प्रयत्नाला तीन सेकंद लागतील असं करून ठेवलं होतं. यादी संपायला दोन दिवस लागले. कुलूप उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, यादीतले शब्द पुस्तकातले होते. झुंबरबाई तर बोलतात तसंच लिहायच्या. तिनं त्यांना शेजारी बसवलं. “शेतातलं, घरातलं, जे सुचेल ते सांगा.” त्या सांगत गेल्या, अर्पिता जसंच्या तसं टाइप करत गेली. माहेरची विहीर निघाली, बैलांची नावं निघाली, दोघी मधेच हसत सुटल्या.

“इळा,” झुंबरबाई म्हणाल्या.

यादीत विळा होता. इळा नव्हता.

कुलूप उघडलं. एक्केचाळीस रेकॉर्डिंग होती. अर्पितानं फोन त्यांच्या हातात दिला आणि ती उठली.

“कुठं चाललीस? बस.” त्यांनी शेवटचं रेकॉर्डिंग लावलं.

“उषे, तुझा मालक गेला तवा मी आले न्हाई. आमच्या ह्यांनी येऊ दिलं न्हाई, पर मी भांडायला पायजे होतं...”

उषाबाई म्हणजे धावड्याची त्यांची धाकटी बहीण. नवऱ्यांच्या भांडणात नऊ वर्षं दोघींचं बोलणं तुटलं होतं. आता दोन्ही नवरे राहिले नव्हते.

“हे त्यांना पाठवू?” अर्पितानं हळूच विचारलं.

“न्हाई. तोंडानंच सांगते. तू येशील संगं?”

रविवारी दोघी धावड्याला गेल्या. उषाबाई दारातच शेंगा निवडत होत्या. बहिणीला बघून त्या उठल्या, जवळ आल्या, तिच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, “किती वाळलीस गं!” झुंबरबाई तिच्या गळ्यात पडल्या. उषाबाईंनी त्यांना धरून आत नेलं.

परतीची शेवटची बस निघून गेली तरी दोघी बहिणींचं बोलणं संपलं नव्हतं. अर्पितानं नवऱ्याला फोन लावला. “भारत, आम्ही आज इथंच राहतोय.”