फोटोमागची ओळ

थोरली काय काम करते, हे नातेवाइकांना समजावून सांगता सांगता तिच्या नाकी नऊ यायचे. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओच्या वेबसाइटवर ती प्रत्येक फोटोमागे एक ओळ लिहायची. ती ओळ पडद्यावर दिसत नाही. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन ती वाचून दाखवतो, आणि इंटरनेटवर शोध घेणारी यंत्रंही तीच वाचतात. "हे कसलं बाई काम?" असं मावशीने तोंडावर विचारलं होतं. आईला मात्र ते चटकन कळलं, कारण तिचे डोळे गेले होते आणि तिचं अर्धं जग आता फोनमधून बोलायचं.

धाकटीचं लग्न आईचे डोळे गेल्यानंतरचं. जावई आईला पसंत नव्हता, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी तिने धाकटीला नको नको ते ऐकवलं. धाकटीने अबोला धरला. गाडीत बसून गेली ती गेलीच. फोन करायची तो थोरलीला. आईच्या मनाला एकच गोष्ट खात होती. जाताना पोरगी मागे वळली का?

लग्नाचे फोटो थोरलीच्याच स्टुडिओने काढले होते, आणि एका फोटोत ते स्वच्छ दिसत होतं. गाडीचं दार धरून धाकटी वळली होती आणि आईकडे बघत होती, भरल्या डोळ्यांनी, ओठ घट्ट दाबून.

"वळली होती गं ती, आई," थोरलीने कितीदा सांगितलं.

"तू म्हणशीलच. डोळे थेंबांनी बरे होतील, हेही तूच सांगितलं होतंस."

डॉक्टरांनी तेव्हाच हात टेकले होते, ते आईला सांगायचा थोरलीला धीर झाला नव्हता.

"लोकांसाठी लिहितेस ना, ते मला ऐकव," आई म्हणाली. "तिथे तू खोटं लिहिणार नाहीस. वळली असेल तर मी आपणहून फोन करते तिला. चुकलं माझंच."

नमुना म्हणून नेमका तोच फोटो वेबसाइटवर लावायचं स्टुडिओत ठरलं, तेव्हा थोरलीला आकाश ठेंगणं झालं. सकाळीच तिने खोडून खोडून ओळ लिहिली: "गाडीत बसण्याआधी नवरी मागे वळून दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहते आहे. तिचे डोळे भरले आहेत." तिथल्या तिथे आईला फोन करून 'ऐक' म्हणायचं, की नाही? पण हिला ऐकताना आईचा चेहरा बघायचा होता. मेली हौस! संध्याकाळी शेजारी बसून ऐकू, असं तिने ठरवलं.

संध्याकाळी चहाचे कप बाजूला सारून दोघी पलंगावर बसल्या. आईने बोटाने चाचपत वेबसाइट उघडली. आज लावलेला फोटो सगळ्यात वर होता.

"लग्नाचे उत्तम फोटो," फोनमधली बाई एका सुरात म्हणाली, "स्वस्त फोटोग्राफर, जवळचा स्टुडिओ, माफक दर, लग्नाचे उत्तम फोटो."

आईने पुन्हा बोट टेकवलं. बाईने पुन्हा तेच म्हटलं.

थोरली स्वतःचा फोन घेऊन गॅलरीत धावली आणि तिने स्टुडिओच्या मालकांना फोन लावला.

"हो, दुपारी मीच बदललं," मालक म्हणाले. माणूस वाईट नव्हता, चिडलाही नव्हता. "नवरी, दार, आई, असं कोण शोधतं? शोधात आपलं नाव वर यायला नको का?"

"सर, ती ओळ ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी असते."

"ते काय फोटोग्राफर शोधायला येतात?"

"माझी आई ऐकतेय, सर. आत्ता."

"अरेरे. मग तू सांग की त्यांना. एका घरात तर राहता."

थोरली आत आली. आईने फोन उशीखाली सरकवला होता.

"मालकांनी बदललं, आई. सकाळी मी लिहिलं होतं, तुझी शपथ. उद्या परत लिहिते."

"आता लिहिशील ते माझ्यासाठी लिहिशील," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "वळली असती तर आधीच लिहिलं असतंस, बाळा."

थोरलीने आपल्या फोनवर तो फोटो उघडला. गाडीचं दार धरून धाकटी आईकडेच बघत होती. थोरलीने पडदा आईच्या चेहऱ्यासमोर धरला, आणि तशीच धरून बसली.