उजव्या कुशीतली थरथर

व्हर्ना वीबला दिसत नसे, पण ऐकू फार येई, त्यातही नवऱ्याचं. ती बर्फावर स्की करायची तेव्हा कॉर्नी मागून येई आणि 'डावीकडे, उजवीकडे' सांगता सांगता कुणाचा ट्रॅक्टर बिघडला इथपासून पाद्रीबुवांच्या सर्दीपर्यंत अख्ख्या सस्कॅचेवान प्रांताची खबर देई. यंदा गावच्या स्की-फेरीत तरी नुसता बर्फ ऐकायचा, असा हट्टच धरला होता तिने.

म्हणून विद्यापीठातली तानिस थरथरणारा पट्टा घेऊन आली, तेव्हा व्हर्नाने तो जवळजवळ हिसकावूनच घेतला. पट्टा हिच्या पोटाला, बटणं कॉर्नीच्या हातात. डावीकडे वळायचं तर डावी कूस थरथरणार. इतकं सोपं.

सरावात पहिल्याच वळणावर डावी कूस थरथरली आणि बाई थेट उजवीकडच्या ढिगात कमरेपर्यंत रुतल्या.

"व्हर्नाबाई, डावीकडे जायचं होतं!" तानिस धावत आली.

"अगं पोरी, जन्म गेला पांढऱ्या काठीवर. काठी डावीकडे आपटली की मी उजवीकडे सरकते. तुला कुणी बरगडीत ढोसलं, तर तू त्याच्या अंगावर जातेस होय?"

"छे, लांब पळते."

"मग मीही पळाले!"

तानिसने कपाळावर हात मारला आणि तिथेच बटणं उलटी करून टाकली. धावताना बारीक थरथर जाणवत नाही, म्हणून पट्टाही स्वेटरच्या आत गेला, बॅटरी तेवढी बाहेर राहिली.

फेरीच्या दिवशी हाडं गोठवणारी थंडी होती. एक अक्षर बोलणार नाही, असं कॉर्नीने कबूल केलं होतं आणि पाळलंही. व्हर्नाला पहिल्यांदाच आपल्या पायांखालचा बर्फ कुरकुरताना ऐकू आला. तळं गेलं, कोठाराचं वळण गेलं, उतार गेला. कूस थरथरे, ती वळे. तिला इतका आनंद झाला होता की मोठ्याने हसावंसं वाटत होतं.

शेवटी बीटच्या गरम सुपाचा कप हातात आल्यावर ती म्हणाली, "शाब्बास रे! एक वळण चुकवलं नाहीस. बोल की आता."

"काय बोलू? पट्टा तळ्यापाशीच थंडीने बंद पडला, बटणांवरचा दिवाही विझला. बटणं दाबून अंगठा सुजला माझा."

"काहीतरीच! कोठारापाशी उजवी कूस चांगली थरथरली."

तानिसने पट्टा पाहिला. खरंच, पार मेला होता. "होतं असं," ती म्हणाली. "जिथे थरथर येणार हे मनाला पक्कं ठाऊक असतं, तिथे ती आल्याचा भास होतो. इतक्या वर्षांची वाट तुमच्या अंगातच मुरलीय."

व्हर्नाने कप खाली ठेवला. "मग तू ओरडला का नाहीस?"

"ओरडणारच होतो," कॉर्नी म्हणाला. "तोंड उघडलं, तोवर तू वळलीस. दर वळणावर तेच. उघडतोय नि मिटतोय."

व्हर्नाने पट्टा सोडून तानिसच्या हातात दिला आणि नवऱ्याचा दंड धरला.

"उद्यापासून बोल हवं तेवढं," ती म्हणाली. "फक्त वळणं सांगू नकोस."