सवाष्णीच्या हातावरचं मेण

भिंत गुणगुणत होती आणि अख्खी वाडी श्वास रोखून ऐकत होती.

मिरजगावापासून कोसभर आत, उजाड माळावर ही वाडी. त्या साली पावसानं पाठच फिरवलेली. ज्वारी वितीवर करपली होती, गुरं छावणीत गेली होती आणि माणसं सडकेच्या कामावर खडी फोडत होती. पण त्या सकाळी कामावर कुणी गेलं नाही. सगळी बन्सीच्या अंगणात दाटली होती. पोरं बाभळीवर चढली, म्हाताऱ्या उंबऱ्याशी टेकल्या. समोर उघडी पडवी, पडवीत जातं, जात्याच्या वर मातीनं लिंपून बुजवलेली देवळी, आणि देवळीच्या आतून येणारा तो आवाज. कुणी ओठ मिटून दळणाची ओवी घोळवावी तसा. खाली-वर होणारा, पण थांबायचं नाव नाही.

कडूबाई पडवीच्या मेढीला धरून उभी होती. तिला तो आवाज कानानं नाही, दातांच्या मुळांत ऐकू येत होता.

ती बन्सीची दुसरी बायको. पहिली मनकर्णा बाळंतपणाच्या तापात गेली, मागं एक लेक ठेवून. ही देवळी मनकर्णाची. पहाटे दळायला बसली की ती त्या कोनाड्यात चिमणी लावून ठेवायची. ती गेल्यावर सासूला, साळूबाईला, ती रिकामी देवळी बघवेना, म्हणून बन्सीनं तोंडाला फळी लावून वरून माती लिंपली. आतून जागा पोकळच राहिली. बाहेरच्या अंगाला भिंतीत एक फट होती, तिच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

दसऱ्यानंतर भिंत गुणगुणायला लागली. साळूबाईनं एकदा तळहात टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"भिताड गरम हाय," ती म्हणाली. "मनकर्णा अंगात ताप घिऊनच गेली हुती. तीच हाय ही."

मग म्हातारीला आवाजातून शब्दही ऐकू यायला लागले. मनकर्णा आणि ती समोरासमोर बसून दळायच्या, तेव्हाची ओवी:

दळता दळता माझा थकला उजवा हात
जात्याच्या खुंट्याला गं कोण देईल मला साथ

कडूबाईनं ती ओवी सासूच्याच तोंडून ऐकली होती. आता भिंतीजवळून जाताना तिचा पदर आपोआप अंगाभोवती आवळला जाई. आणि एक दिवस मनकर्णाची लेक, पाच वर्षांची चिमा, रांजणाशी पाणी प्यायला गेली, तेव्हा काठावर बसलेली मधमाशी तिच्या पापणीला डसली. सांजेपर्यंत पोरीचा डोळा मिटून गेला. पोर कडूबाईच्या कुशीत कण्हत झोपली, पण वाडी म्हणाली, सावत्र आईच्या घरात पोरीचा डोळा गेला. डोळा दोन दिवसांत उघडला, पण तोवर माश्यांचा कौल लावत गावोगाव फिरणारे मोहोळबाबा वाडीत येऊन पोचले होते.

आले त्या दिवशी बाबा सरळ चुलीपाशी निघाले होते. कडूबाईनं दारात आडवा हात धरला. "सोवळ्याचं न्हाई, बाबा, पोर आजारी हाय म्हनून सांगते. भाईर बसा." बाबा हसले होते. ते हसू तिच्या अजून ध्यानात होतं.

आता बाबा पडवीच्या मधोमध उभे होते. अंगात भगवी कफनी, गळ्यात कवड्या, हातात धुपाटणं. देवळीची माती त्यांनी आपल्या हातानं टोकरून, फळी सरकवून हात जाईल एवढं भोक पाडलं होतं. भोकाच्या काठावर माश्या येत-जात होत्या.

"ऐका रे लेकरांनो," बाबांनी सूर लावला. "माशी ही देवीची चौकीदार. तिला वकील लागत न्हाई, साक्षीदार लागत न्हाई. निर्मळाला मध, पाप्याला वध. खऱ्याला गोडी, खोट्याला... खोट्याला..." यमक सापडेना तेव्हा बाबांनी धुपाटण्यात धूप टाकला. धुराचा लोट उठला आणि लोकांनी हात जोडले. यमक राहूनच गेलं. "भिंतीतल्या लेकीला कुणी दुखावलं, त्ये आज माशीच सांगंल."

"सांगू द्या, बाबा," पोलीस पाटील आबासाहेब म्हणाले आणि त्यांनी टोपी काढली. मग सगळ्यांनीच काढल्या.

पहिल्यांदा बाबांनी हाताला राख फासली, भोकाशी धूर दिला आणि हळूच, पाण्यात हात सोडावा तसा हात आत घातला. बाहेर काढला तेव्हा मनगटावर माश्या निवांत चालत होत्या. एकही डसली नाही. मग साळूबाई. ती विधवा, म्हणून तिला राख. धूर दिला, हात घातला, हात निर्मळ निघाला. म्हातारी रडली. मग बन्सी. पुरुषाला राखच. त्याचाही हात जसाच्या तसा.

"आता घरची सवाष्ण," बाबा म्हणाले.

कडूबाई मेढ सोडून पुढं आली. आपण काही केलं नाही, हे तिला माहीत होतं. पण भिंत गुणगुणत होती, आणि तिच्या मनात नको ते वर येत होतं. मनकर्णाचं हिरवं लुगडं आपण हौसेनं नेसलो होतो. चिमाला 'आई म्हण' म्हणून शिकवलं होतं. मेलेल्या बाईला ते लागलं असेल का?

"सवाष्णीला राख चालत न्हाई," बाबांनी झोळीतून लाकडी डबी काढली. "सवाष्णीला मेण, मेणावर कुंकू. आपला रिवाज मोडायचा न्हाई." बायका कपाळावर कुंकू टिकावं म्हणून आधी मेण लावतात, हे तर रोजचंच, कुणाला वावगं वाटलं नाही. बाबांनी तिच्या मनगटावर मेणाचं बोट ओढलं, वर कुंकू दाबलं आणि धुपाटणं उचलून लांब अंगणात नेऊन ठेवलं.

"आता धूर नको. देवीला नीट बघू दे."

कडूबाईचा हात भोकात पुरता गेलाही नाही. गुणगुण एकाएकी चढली, कापड फाटावं तसा आवाज झाला, आणि मनगटाला विस्तव लागला. एक डंख, मग दुसरा, मग किती ते कळेना. ती हात ओढून मागं पडली. अंगणातून फक्त एक दीर्घ उसासा आला. कुणी पुढं झालं नाही. बन्सीसुद्धा.

"कौल लागला," बाबा शांतपणे म्हणाले. "दुपारच्या एस.टी.नं हिला म्हायेरी धाडा. पोर हितंच ऱ्हाईल. पडवीत माझी गादी मांडा, म्हंजी भिंत शांत हुईल."

साळूबाई सुनेकडं न बघता म्हणाली, "बन्सी, तिचं गठुडं बांध."

चिमानं कडूबाईचं लुगडं दोन्ही मुठींत धरलं. कुणीतरी त्या मुठी सोडवायला लागलं.

त्याच वेळी मार्थाबाई अंगणात आल्या. वाडीच्या शाळेच्या शिक्षिका, नगरच्या. शाळेत एकही पोर आलं नाही म्हणून पोरं शोधत निघाल्या होत्या. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. सरळ कडूबाईजवळ बसल्या आणि तिचा हात मांडीवर घेतला.

"चिमटीत धरून ओढू नका, विष आत पिळलं जातं," असं म्हणत त्यांनी नखानं एकेक नांगी खरवडून काढली. "पाणी आणा कुणीतरी. श्वास अडतोय का? ओठ, जीभ जड वाटते का? तसं वाटलं तर इथं एक क्षण थांबायचं नाही, मिरजगावच्या दवाखान्यात जायचं."

"न्हाई, बाई. नुसती आग हुतीया." मग राख कुणाला, मेण कुणाला, धूर कधी बंद केला, ते कडूबाईनं तुटक तुटक सांगितलं.

"सगळ्या नांग्या एकाच जागी," मार्थाबाई स्वतःशीच बोलल्या. "बोटं मोकळी, तळहात मोकळा. फक्त कुंकवाभोवती."

कडूबाईनं हात नाकाशी नेला. "बाई, मगाधरनं कसलातरी वास येतोय. मेन लावलं तवापासनं. पिकून काळ्या झाल्याल्या केळ्याचा. अन् औंदा केळं डोळ्यांनी तरी बघितलंय का कुनी?"

मार्थाबाईंचा हात थांबला. त्यांचा भाऊ मोझेस महाबळेश्वरला मधाच्या पेट्यांवर कामाला होता. एक मे महिना त्या त्याच्याकडं राहिल्या होत्या. माशी डसली की मोझेस सगळं टाकून आधी ती जागा धुवायचा. म्हणायचा, नांगीतून वास सुटतो, पिकल्या केळ्यासारखा. त्या वासावर बाकीच्या माश्या तिथंच तुटून पडतात.

त्या उठल्या. "महाराज, ती डबी जरा बघू."

"बाईमाणसानं देवाच्या डबीला..."

"सवाष्णीच्या हाताला चालते, माझ्या डोळ्याला चालणार नाही?"

बाबा डबी झोळीत सारायला लागले, तोच त्यांचं मनगट कुणीतरी धरलं. बन्सी होता. त्यानं डबी काढून मार्थाबाईंच्या हातात दिली आणि बायकोकडं बघायचं टाळून बाजूला झाला.

मार्थाबाईंनी एका लांब काठीच्या टोकाला दोन चिंध्या बांधल्या, वीतभर अंतरानं. एकीला बाबांचीच राख फासली, दुसरीला डबीतलं मेण. लोकांना मागं सारलं आणि दुरूनच काठी देवळीच्या भोकाशी धरली. धूर नाही, मंत्र नाही. भिंतीतून एक काळी सळसळ बाहेर आली आणि मेणाच्या चिंधीवर कोसळली. राखेची चिंधी तशीच लोंबत राहिली.

"चिंधीनं काय पाप केलं, महाराज?"

"कापडाला काय कळतंय," बाबा म्हणाले, पण सूर चिरकला होता. "कौल मानसाच्या हातालाच लागतो. ही बाई किरिस्ताव. हिला आपलं काय ठावं?"

घोळका हलला. "त्येबी खरंच हाय," कुणीतरी पुटपुटलं. आबासाहेबांनी टोपी घालावी की नाही ते न कळून ती हातातच फिरवली. कडूबाईनं डोळे मिटले. तिला वाटलं, संपलं.

"मंग माझ्या हाताला लावा मेन."

साळूबाई पुढं आली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे.

"मावशी, नको," मार्थाबाई म्हणाल्या. "चिंधीनं दाखवलं ना सगळं."

"चिंधीनं तुमचं भागलं, बाई. माझं न्हाई भागलं. मी सून घराभाईर काढाया निघाले हुते."

"विधवेला कुंकू चालत न्हाई," बाबा घाईनं म्हणाले.

"कुंकू कोन मागतंय? नुसतं मेन लावा. सकाळी तुमीच म्हनला, माझा हात निर्मळ हाय. ह्या हाताला राख ऱ्हाऊ द्या, त्या हाताला मेन. भ्या कशाचं वाटतंय तुमाला?"

मेण शेवटी मार्थाबाईंनीच लावलं, अगदी पुसटसं. म्हातारीनं दोन्ही हात एकाच वेळी भोकाजवळ नेले. डाव्या राखेवर एक माशी बसली आणि उडाली. उजव्या मनगटावर तीन तुटून पडल्या. साळूबाईनं ओठ दाताखाली धरला, हात मागं घेतला आणि अंगणाकडं वळून दोन्ही हात वर केले.

"बघा रं. एक हात पुन्यवान अन् एक हात पापी. एकाच बाईचं हायेत."

बाभळीवरची पोरं एकेक करून खाली उतरली.

मार्थाबाईंनी काडीनं डबीतलं मेण उकरलं. आत चिरडलेल्या माश्या होत्या. काही वाळून काळ्या पडलेल्या, काही ओल्या, सकाळच्याच.

"मेण उकळून गाळून घेतात, त्यात माशी राहत नाही," त्या म्हणाल्या. "ह्या मुद्दाम कुटून घातल्यात. पुरुषाला राख, विधवेला राख, वर धूर. धुरानं माशी सुस्तावते, हे मध काढणाऱ्या कुणालाही विचारा. सवाष्णीला मात्र हा वास, आणि धूर बंद. म्हणजे कौल आधीच ठरलेला. तो दर वेळी सुनेलाच लागणार. पाऊस नाही, फुलं नाहीत, पाणी नाही. माश्या रांजणाच्या ओलाव्याला आल्या, पोकळ भिंत मिळाली म्हणून राहिल्या. हजारो जीव दाटीनं राहतात, त्यांच्या उबेनं भिंत गरम लागते. त्यांचे पंख वाजतात. भिंतीत दुसरं कुणी नाही, मावशी."

साळूबाईनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मनकर्णा भिंतीत नाही, म्हणजे आता कुठंच नाही, हे तिला त्या घडीला समजलं असावं.

लोक बाबांवर धावले. मार्थाबाई आडव्या झाल्या. "हात नका लावू. आबासाहेब, तुम्ही पोलीस पाटील. ठाण्यात न्या."

"नेतो की," आबासाहेब म्हणाले आणि त्यांनी टोपी डोक्यावर घट्ट बसवली. "मला सकाळधरनंच संशव हुता." कुणी हसलं नाही.

कडूबाई बाबांसमोर येऊन उभी राहिली. तिचा हात कोपरापर्यंत सुजला होता.

"हिकडं यायच्या आधी कौल कुठं दिला?"

बाबांनी झोळी छातीशी धरली.

"कुठल्या गावाला?"

"वालवडाकडच्या एका वस्तीवर," बाबा मान न उचलता म्हणाले.

"तितल्या सुनंचं काय झालं?"

बाबा आबासाहेबांच्या आडोशाला सरकले. अंगणातल्या सवाष्णींनी एकमेकींकडं बघितलं. प्रत्येकीच्या कपाळावर मेण होतं, मेणावर कुंकू होतं.

कडूबाईनं नवऱ्याकडं बघितलं. "ते गठुडं बांधलंय ना? घे. त्या वस्तीवर जायाचं. आत्ता."

"बैल छावनीत हायेत," बन्सी म्हणाला.

"चालत जाऊ."

चिमाला तिनं सासूच्या मांडीवर ठेवलं आणि ती निघाली. बन्सी तिच्या मागं, एक पाऊल हटून. मार्थाबाई सोबत. दिवस कलताना ते विचारत विचारत त्या वस्तीवर पोचले. सून जिवंत होती. गोठ्याच्या कडेला, वेगळ्या ताटलीत जेवत होती, कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. माणसं जमली तेव्हा मार्थाबाईंनी डबी पुढं केली, पण बोलली कडूबाई. तिला भाषण येत नव्हतं. तिनं सुजलेला हात सगळ्यांना दिसेल असा धरला.

"देवाला कुनी सोडा म्हनत न्हाई," ती म्हणाली. "पन कुनी कौल लावला, तर येवढं इचारा. सगळ्यांच्या हाताला एकच लावलं का? सगळ्यांना धूर सारखाच दिला का? न्हाई म्हनला, तर त्यो कौल देवाचा न्हाई, मानसाचा हाय. अन् मानसाचा कौल आपल्याला तपासता येतो."

मग ती गोठ्यात गेली आणि त्या बाईला हाताला धरून घरात घेऊन आली.